मोकळ्या कोंबडीचे हिवाळ्यातील देणे

आपल्या मासिकात द्राक्षे, कांदा, गहू इत्यादी पिकांविषयी वेळोवेळी उपयुक्त माहिती येत असते. परंतु शेतकऱ्याच्या परसात ज्या दहा-पाच कोंबड्या मोकळ्या हिंडत असतात, त्यांच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखकाचे उभे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. सात-बाराच्या उताऱ्यात जमीन आहे, पीक आहे, विहिरीची नोंद आहे. कोंबडीस मात्र रकाना नाही. घरच्या हिशेबातही तिची तीच गत आहे. वास्तविक सन २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्या व तत्सम पक्ष्यांची संख्या ३१ कोटींवर भरली व ती मागील गणनेपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक होती. एवढ्या धनाची उपेक्षा करणे शहाणपणाचे नव्हे.

कोंबडी मोकळी सोडली म्हणजे ती आपले पोट आपणच भरते, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. पावसाळ्यात व सुगीत ती बव्हंशी खरीही आहे. त्या दिवसांत किडे, अळ्या, कोवळे गवत व खळ्यावर सांडलेला दाणा ह्यांवर कोंबडीचे उत्तम चालते. परंतु मार्गशीर्ष लागला की खळी उरकतात, जमीन वाळते व किडे दिसेनासे होतात. ह्याच सुमारास आमच्या निफाड तालुक्यात पहाटेचा पारा कित्येक वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. म्हणजे शरीरास ऊब टिकविण्यासाठी अन्न अधिक पाहिजे, नेमके त्याच वेळी रानातले अन्न आटते. दिवस अकरा तासांचा व रात्र तेरा तासांची; तेवढी सारी रात्र कोंबडीने उपाशी काढावयाची असते. तेव्हा हिवाळ्यात "ती आपले पोट भरते" असे म्हणणे म्हणजे आपले देणे चुकविणे होय.

हे शहाणपण आम्हांस फुकट मिळालेले नाही. सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, हाती रिकामा वेळ असल्यामुळे, आम्ही घरच्या खुराड्याकडे लक्ष घातले. कोंबड्यांना थंडी वाजू नये म्हणून द्राक्षबागेतून उरलेला प्लॅस्टिकचा कागद आणून खुराडे चोहोकडून गच्च बांधून टाकले, आणि मोठे भूतदयेचे कृत्य केल्याच्या समाधानात राहिलो. पंधरा दिवसांत आतल्या कागदावरून पाणी ओघळू लागले. सकाळी दार उघडताच असा उग्र दर्प येई की डोळे चुरचुरत. पुढे कोंबड्या घुरघुरू लागल्या, नाके वाहू लागली, आणि महिनाअखेर चौदांपैकी सहा मेल्या. उरलेल्यांनी अंडी देणे बंद केले. त्या अंड्यांच्या पैशांतून आमच्या घरची मंडळी नातीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवीत असत. त्या वर्षी तो पैसा आला नाही. तोंडाने त्यांनी एवढेच म्हटले, "अहो, कोंबडीला देवाने पिसांचे पांघरूण दिले आहे. तिला पोटात दाणा आणि घरात कोरडी हवा पाहिजे. तुम्ही दोन्ही काढून घेतले." ह्यापुढे सर्व कारकुनी निरुत्तर होय.

त्यांचे म्हणणे शास्त्रासही धरून आहे. कोंबडीच्या शरीराची उष्णता सुमारे ४१ अंश असते. पिसे फुलवून त्यांत हवा कोंडून ती ऊब राखते. पिसे कोरडी असतील तर आपल्याकडील थंडी मोठी कोंबडी सहज सोसते. ओलसर झाली की ते पांघरूण निकामी होते. कोंबड्यांचा श्वास व विष्ठा ह्यांतून रात्रभर ओलावा निघतो, आणि ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटून फुप्फुसांस इजा करतो. म्हणून खुराडे बांधताना वारा कोंबडीच्या अंगावर येऊ नये, पण तिच्या डोक्यावरून मात्र वाहून जावा, हे सूत्र ध्यानी धरावे. उत्तरेची व पूर्वोत्तरेची बाजू भिंतीने किंवा तरटाने बंद करावी, दार दक्षिणेस ठेवावे, आणि छपराखाली दोन्ही अंगांस चार बोटे रुंदीची फट मोकळी ठेवून तीस बारीक जाळी मारावी, म्हणजे मुंगूस व बोका आत शिरणार नाही. जमिनीवर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार बोटे पसरून तो मधूनमधून हलवावा व ओला झालेला भाग काढून टाकावा. बसण्यासाठी दीड-दोन इंच रुंदीची, कडा घासलेली चपटी पट्टी आडवी बसवावी. तीवर कोंबडी आपली बोटे पोटाच्या पिसांखाली झाकून घेते. खुराड्यात शेगडी किंवा निखारे मुळीच ठेवू नयेत. आगीचे व विषारी धुराचे भय असते. नुकत्याच निघालेल्या पिलांची गोष्ट निराळी. त्यांस पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश उबेची गरज असते. ती आईच्या पंखाखाली मिळते, नाहीतर दिव्याची सोय करावी लागते. म्हणून ऐन थंडीत खुडूक बसवू नये, हे बरे.

आता दाण्याविषयी. मोठी कोंबडी दिवसाकाठी सुमारे १०० ग्रॅम खाते. हिवाळ्यात त्यातील निम्मे तरी घरातून मिळावे, असे आमचे मत आहे. सूर्यास्तापूर्वी दर कोंबडीमागे एक मूठ बाजरी किंवा भरडलेला मका टाकावा. आख्खा दाणा गळ्याखालच्या पिशवीत राहून हळूहळू पचतो व रात्रभर ऊब देतो. सकाळी उरलेले अन्न, कोंडा किंवा तांदळाची कणी कोमट पाण्यात कालवून थोडी द्यावी. त्यात मूठभर पेंड किंवा सुकट मिसळल्यास किड्यांची उणीव भरून निघते. कोवळ्या गवताऐवजी लसूणघास किंवा कोथिंबिरीचे देठ चालतात, आणि अंड्याच्या कवचासाठी शिंपल्यांचा चुरा एका भांड्यात वेगळा ठेवावा. मात्र बुरशी आलेली पेंड किंवा मका कोंबडीपुढे कधीही टाकू नये. सन १९६० साली इंग्लंडात अशाच बुरशीच्या विषाने बाधलेली भुईमुगाची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. जे माणसास नको ते कोंबडीस, ही सवय सोडली पाहिजे.

उपासमार झालेल्या कोंबडीस रोग लवकर धरतो. मानमोडीची लस थंडीपूर्वीच, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, पशुवैद्यकाकडून टोचून घ्यावी. रोग शिरल्यावर औषध नाही. दुसरे असे की, हिवाळ्यात परदेशी पाणपक्षी आपल्याकडे उतरतात. आमच्या जवळचे नांदूर मधमेश्वर तर त्यांचे प्रसिद्ध ठिकाण आहे. सन २००६ साली नवापुरास व सन २०२१ साली परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आला, तो जानेवारी-फेब्रुवारीतच. पाणपक्षी आणि हा रोग ह्यांचा संबंध जगभर आढळून आला आहे. तेव्हा ह्या दिवसांत कोंबड्या पाणथळ जागी चरावयास सोडू नयेत, आणि एकाएकी बऱ्याच मेल्या तर न लपविता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

कोणी म्हणेल, घरचा दाणा घातला तर कोंबडी महाग पडते. ह्याचा हिशेब मांडून पाहू. दहा कोंबड्यांस रोज अर्धा किलो, म्हणजे कार्तिकाच्या अखेरीपासून माघाच्या अखेरीपर्यंत तीन महिन्यांत ४५ किलो. सुमारे अर्धा क्विंटल. एका बाजूस हा दाणा, आणि दुसऱ्या बाजूस सहा मेलेल्या कोंबड्या व तीन महिन्यांची बुडालेली अंडी. कोणती बाजू जड, ते वाचकांनीच ठरवावे. दिवस लहान असल्यामुळे हिवाळ्यात अंडी कमी पडणारच. दिवे लावून ती वाढविण्याच्या मागे गावठी कोंबडीच्या बाबतीत लागू नये. तिला तेवढी विश्रांती हक्काची आहे.

खरी अडचण दाण्याची नसून दाणा कोणाच्या हातात आहे, ही आहे. कोंबड्या घरच्या बाईच्या आणि धान्याची कोठी पुरुषाच्या ताब्यात, अशी पुष्कळ घरांतली रीत आहे. मुठीगणिक तिने मागावे व ह्याने कुरकुरत द्यावे, ह्यात कोंबड्या उपाशी राहतात. म्हणून आमची सर्व सभासद बंधूंस सूचना आहे की, गुरांसाठी आपण कडबा जसा आधीच रचून ठेवतो, तसे खळे उठण्यापूर्वीच दहा कोंबड्यांमागे अर्धा क्विंटल धान्य बाजूस काढावे, व ते पोते घरच्या बाईच्या स्वाधीन करून त्याचा हिशेब पुन्हा विचारू नये.

गतवर्षी आम्ही तसे केले. त्या हिवाळ्यात आमची एकही कोंबडी थंडीने गेली नाही. एक बोक्याने नेली. ती मात्र जाळी लावावयाची राहून गेलेल्या फटीतून, आणि ते काम आमच्याकडे होते.