रिकाम्या खोलीतला एसी बंद करा, आजच

विदर्भात मे तोंडावर आलाय. पारा ४५ अंशांवर गेला की एसीशिवाय निभत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरच्या माणसांसाठी तो जरूर लावा. पण माणूस उठून गेल्यावर?

आज रात्री घरात एक फेरी मारा. सगळे जेवायला बसलेत आणि बेडरूममध्ये एसी चालूच! दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असला की तासाला सुमारे दीड युनिट खातो. रोज दोन तास असे वाया गेले, तर महिन्याला ९० युनिटांपर्यंत मजल जाते. त्यात बिलाचा स्लॅब चढला की वरची युनिटं आणखी महाग.

आणि हे फक्त तुमच्या बिलापुरतं नाही. रात्री अख्ख्या गल्लीचे एसी एकदम सुरू होतात, डीपीवर भार येतो, फ्यूज उडतो. शेजारी कुणाचं तान्हं बाळ घामाघूम होऊन रडतं. कुणाचे वडील ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. तिकडे कोराडी-चंद्रपूरला याच विजेसाठी कोळसा जळतो, आणि धूर-राख तिथली लेकरं सोसतात. तुम्हाला हे बघवणार नाही.

म्हणून सेन्सर बसवा. खोलीत कुणी नसलं की तो रिमोटसारखा इशारा देऊन एसी बंद करतो. मेन लाइनच तोडणारा स्विच घेऊ नका. बेडरूमसाठी तर नीट पारखून घ्या. साधा पीआयआर सेन्सर हालचालीवर चालतो. गाढ झोपलेला माणूस त्याला कळत नाही आणि मध्यरात्री एसी बंद पडतो. लोक वैतागून सेन्सर काढून टाकतात, ते यामुळेच. तिथे रडारचा सेन्सर लावा, श्वासागणिक हलणारी छातीही तो टिपतो. खोली सोडल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी एसी बंद होईल, असं सेटिंग ठेवा. बाळ किंवा आजारी माणूस असेल त्या खोलीचा एसी मात्र स्वतःच्या हातात ठेवा, सेन्सरवर सोडू नका.

सेन्सर येईपर्यंत थांबू नका. रिमोट दाराशी टांगा. एसी २४ वर ठेवा, जोडीला पंखा लावा. सोसायटीच्या ग्रुपवर आजच विषय काढा, चार घरं मिळून इलेक्ट्रिशियन बोलवा. फोन आत्ताच करा. ऊन तापलं की तो आठ-आठ दिवस हाती लागत नाही.