पाहिलं सगळ्यांनी, सांगणार कोण?

रॅगिंगची तक्रार झाली की कॉलेजात चौकशी समिती बसते. पहिला प्रश्न असतो, ‘कुणी पाहिलं का?’ आणि नेमकी तेव्हाच अख्खी बॅच गप्प होते. कारण उघड आहे. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं, त्यांच्यासोबतच हॉस्टेलमध्ये राहायचं असतं.

मुंबईच्या नायर रुग्णालयात २२ मे २०१९ रोजी जळगावच्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. ते कॉलेज आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन सीनियर डॉक्टरांना अटक झाली. आरोप खरे की खोटे, हे कोर्ट ठरवेल. पण त्रासाबद्दल आधीच सांगितलं होतं, असं कुटुंबाचं म्हणणं आहे. अँटी-रॅगिंग समितीने जबाब घेतले ते मात्र मृत्यूनंतर.

खरं तर आधी बोलायची सोय कायद्यातच आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार लेखी तक्रार पीडितानेच करायला हवी असं नाही. कोणताही विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक ती करू शकतो आणि प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. यूजीसीचे २००९ चे नियम साक्षीदाराला म्हणणं मांडायची संधी देतात, माहिती देणाऱ्याची ओळख जपायला सांगतात. रॅगिंग करणारे ओळखता आले नाहीत, तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे. म्हणजे गप्प बसणंही तितकं सेफ नाही.

अडचण पुढेच आहे. नाव लपवलं, तरी खोलीत चारच जण असतील तर कोण बोललं ते लगेच कळतं. शिवाय आपल्यावर आरोप काय, हे समजण्याचा हक्क आरोपीलाही आहे. त्यामुळे साक्षीदाराला नुसत्या गुप्ततेचं आश्वासन पुरत नाही, बोलल्यानंतरचं संरक्षण लागतं. समितीने प्रत्येकाला वेगवेगळं बोलवावं. हॉस्टेलची खोली बदलून द्यावी. त्याचे इंटर्नल्स संबंधित नसलेल्या शिक्षकाने तपासावेत. एवढं तर कोणतंही कॉलेज करू शकतं.

आपणही काही गोष्टी पाळू शकतो. तारीख, वेळ लगेच लिहून ठेवा, स्क्रीनशॉट जपा. ‘मी पाहिलं’ आणि ‘मी ऐकलं’ यांची सरमिसळ करू नका. निवाडा करणं आपलं काम नाही, पाहिलं तेवढं सांगणं आहे. कॉलेजवर भरवसा नसेल तर यूजीसीची हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते: १८००-१८०-५५२२.