आधी गिऱ्हाईक, मग डीटीएफ मशीन

टी-शर्टवर रंगीत चित्र छापून देण्याचा धंदा सध्या जोरात आहे. शाळेचे स्नेहसंमेलन असो, टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा असो, दहीहंडीचे पथक असो की नव्या दुकानातील नोकरांचा गणवेश असो, प्रत्येकाला आपले नाव आणि आपले चिन्ह असलेला टी-शर्ट हवा असतो. थोड्या भांडवलात स्वतःच्या पायावर उभे राहू पाहणारे तरुण म्हणूनच या धंद्याकडे वळत आहेत. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : डीटीएफ प्रिंटर कोणता घ्यावा? आमच्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की ते मशीन रोज चालेल इतके काम आपल्या हाती आहे काय?

या मशीनसाठी अब्बांच्या निवृत्तीची रक्कम काढली जाते, घरातील दागिने मोडले जातात, नाहीतर हप्ते डोक्यावर घेतले जातात. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

डीटीएफ म्हणजे डायरेक्ट टू फिल्म. यात चित्र कापडावर न छापता आधी एका पारदर्शक फिल्मवर उलटे छापतात. प्रथम रंगीत शाई आणि तिच्यावर पांढऱ्या शाईचा थर. शाई ओली असतानाच तिच्यावर चिकट पावडर टाकतात, जास्तीची झटकून देतात आणि फिल्म भट्टीतून काढून ती पावडर वितळवतात. ही तयार फिल्म कापडावर ठेवून हीट प्रेसने साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअस तापमानावर १० ते १५ सेकंद दाबली, की चित्र कापडाला चिकटते. फिल्म सोलून घेतली की काम झाले. २०२० च्या सुमारास ही पद्धत जगभर झपाट्याने पसरली, आणि तिचे फायदे खरे आहेत. सुती, पॉलिएस्टर, मिश्र, काळे, पांढरे अशा बहुतेक कापडांवर ती चालते. एकच टी-शर्ट छापायचा असला तरी चालतो आणि चित्रात कितीही रंग असले तरी अडत नाही.

परंतु प्रत्येक काम डीटीएफचे नसते, हे मशीन विकणारा सांगत नाही. एखाद्या पथकाचे तीनशे टी-शर्ट एकाच रंगात छापायचे असतील, तर स्क्रीन प्रिंटिंग आजही स्वस्त पडते, कारण एकदा फ्रेम तयार झाली की नग वाढत जातील तसा खर्च वाटला जातो. पांढऱ्या किंवा फिकट पॉलिएस्टरच्या जर्सीवर संपूर्ण अंगभर नक्षी हवी असेल तर सब्लिमेशन बरे. त्यात शाई धाग्यात मुरते, त्यामुळे हाताला थर लागत नाही आणि घामाच्या वेळी कापड कोंडत नाही. डीटीएफचे चित्र मात्र कापडाच्या वर एक पातळ पापुद्रा होऊन बसते. छातीवरच्या लहान चिन्हाला ते शोभते, पण संपूर्ण पाठ भरून टाकली तर उन्हाळ्यात घालणाऱ्याला ते जाणवते. डीटीएफची खरी जागा म्हणजे थोडे नग, अनेक रंग आणि गडद कापड. आपल्या परिसरात असे काम किती निघते, याचा अंदाज घेतल्याशिवाय कोणत्याही मशीनची चौकशी व्यर्थ आहे.

यंत्रमाग आणि प्रिंटर

भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या वाचकांना यंत्रमाग ठाऊक आहे. मंदीत माग महिनाभर बंद राहिला तर नुकसान होते, परंतु तेलपाणी करून तो पुन्हा सुरू करता येतो. डीटीएफ प्रिंटरचा स्वभाव याच्या उलट आहे. त्यातील पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असते. हा पदार्थ जड असल्याने शाई स्थिर राहिली की तो खाली बसतो. नळ्यांत साचतो, डॅम्परमध्ये साचतो आणि शेवटी हेडची केसाहून बारीक छिद्रे बुजवतो. मशीन आठ-पंधरा दिवस तसेच ठेवले तर ते बिघडण्याची शक्यता मोठी असते, आणि हेड हाच प्रिंटरचा सर्वात महाग भाग असतो. म्हणजे काम नसले तरी रोज मशीन चालू करावे लागते, शाई ढवळावी लागते, हेड साफ करावे लागते आणि त्यात शाई वाया जाते. ऑर्डर नसलेल्या दिवशीही जे खर्च मागते असे हे मशीन आहे.

हिशेब करून पाहू. समजा, प्रिंटर, पावडरची भट्टी आणि हीट प्रेस मिळून ३,६०,००० रुपये लागले आणि हा पैसा तीन वर्षांत वसूल करायचा आहे. महिन्याला १०,००० रुपये झाले. महिन्यात २५० मीटर फिल्म छापली तर मशीनचा भार मीटरमागे ४० रुपये पडतो. पण महिन्यात ५० मीटरच छापली तर तोच भार २०० रुपये होतो. शाई, फिल्म, पावडर, वीज, जागेचे भाडे आणि वाया गेलेला माल यात अजून धरलेलाच नाही. मशीन तेच आणि कारागीरही तोच, तरी एकाला ते पोसते आणि दुसऱ्याला बुडवते. फरक फक्त कामाच्या प्रमाणाचा आहे.

म्हणून आमची सूचना अशी, की सुरुवात एका चांगल्या हीट प्रेसने करावी. छापलेली फिल्म मीटरच्या भावाने तयार मिळते. सुमारे ६० सेंटिमीटर रुंदीच्या एका मीटरमध्ये ए-फोर आकाराची सहा चित्रे बसतात आणि कडेच्या पट्टीत खिशावरची लहान चिन्हेही मावतात. कोरे टी-शर्ट तिरुपूरच्या मालाचे घाऊक बाजारात मिळतात. छापलेली फिल्म कोरड्या जागी जपून ठेवता येते, त्यामुळे ऑर्डर आल्यावर हव्या त्या मापाच्या टी-शर्टवर ती दाबून देता येते. या मार्गाने गिऱ्हाईक तयार होते, कापडाची पारख येते, आणि हेड बुजण्याची चिंता दुसऱ्याच्या डोक्यावर राहते. दर महिन्याला किती मीटर फिल्म विकत घेतली, याची एका वहीत नोंद ठेवावी.

यावर आक्षेप येईल, की खरा नफा छपाईत आहे आणि दुसऱ्याकडून फिल्म घेतली तर तो त्याच्याच घरी जातो. शिवाय संध्याकाळी आलेली ऑर्डर सकाळी द्यायची असेल तर बाहेरचा छापणारा ऐनवेळी दगा देतो. हा आक्षेप खोटा नाही. छापणाऱ्याच्या उशिरामुळे गिऱ्हाईक हातचे जाते, हे खरेच. परंतु यातूनच मशीन घेण्याची योग्य वेळ कळते. वहीतील नोंद सलग सहा महिने चढती असेल, सणासुदीचा महिना वगळूनही काम टिकून असेल, आणि बाहेर दिलेल्या पैशातून मशीनचा महिन्याचा सर्व खर्च भागून काही उरत असेल, तर मशीन जरूर घ्यावे. मग उशीर करणे हाच तोटा ठरेल.

मशीन निवडताना

आता दुसरा प्रश्न. बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला ए-थ्री आकाराचा टेबलावरचा प्रिंटर. यातील कित्येक मशीन एप्सनच्या एल-१८०० सारख्या फोटो छापणाऱ्या प्रिंटरमध्ये फेरफार करून बनवलेली असतात. ही स्वस्त असतात, पण मूळ यंत्र पांढऱ्या शाईसाठी घडवलेले नसते. दुसरा प्रकार म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटर रुंदीचा, रोलवर छापणारा प्रिंटर, ज्याला पावडरची आणि भट्टीची जोडणी असते. रोजचे काम असेल तर हाच कामाचा. घरगुती मशीनवर औद्योगिक काम ओढणे म्हणजे स्कूटरवर सिमेंटची पोती वाहणे.

हेडचे नाव विचारून घ्यावे. एक्सपी-६०० हे मुळात लहान प्रिंटरसाठी बनलेले हेड आहे. ते स्वस्त मिळते, बदलणे परवडते, पण वेग आणि आयुष्य कमी. आय-१६०० आणि आय-३२०० ही एप्सनची औद्योगिक कामासाठी बनवलेली हेड आहेत. त्यांत अनुक्रमे १६०० आणि ३२०० छिद्रे असतात. वेग जास्त, टिकाऊपणा जास्त आणि बदलण्याचा खर्चही जास्त. मशीनच्या किमतीबरोबरच एका हेडची आजची किंमत लेखी घ्यावी आणि ती आपल्या हिशेबात धरावी. पांढरी शाई सतत फिरवत ठेवणारी आणि ढवळणारी व्यवस्था मशीनमध्ये आहे की नाही, हे स्वतः झाकण उघडून पाहावे. ती नसेल तर किंमत कितीही कमी असो, आम्ही ते मशीन घेण्याचा सल्ला देणार नाही.

जागेचा विचारही तितकाच महत्त्वाचा. या प्रिंटरला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रतेची हवा मानवते. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात आर्द्रता याहून पुष्कळ वर जाते. मग पावडरचे गोळे होतात आणि शाई नाही तिथेही ती चिकटून टी-शर्टवर ठिपके उमटतात. उलट मालेगाव किंवा औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात शाई हेडवरच सुकते. म्हणजे एकीकडे हवा कोरडी करण्याची आणि दुसरीकडे दमट करण्याची सोय लागते. भट्टीला बरीच वीज लागते. घरगुती मीटरवर ती चालेल असे गृहीत न धरता आधी वायरमनला जागा दाखवावी. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड उघडे राहून सुकते, म्हणून प्रिंटरला यूपीएस हवाच. आणि पावडर तापताना धूर निघतो. तो बाहेर सोडण्याची सोय नसलेल्या खोलीत, जिथे मुले झोपतात अशा घरात, हे मशीन बसवू नये. कमाईसाठी घरच्यांच्या छातीत धूर भरणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

विक्रेत्याला काय विचारावे, हेही सांगतो. हेडवर वॉरंटी आहे काय? बहुधा नसते, म्हणून उत्तर कागदावर घ्यावे. डॅम्पर, कॅपिंग स्टेशन, पंप आणि वायपर हे झिजणारे भाग कोणत्या गावात, किती दिवसांत मिळतील? दुरुस्तीचा माणूस आपल्या शहरात आहे की त्याचे गाडीभाडेही आपणच द्यायचे? शाई त्याच्याकडूनच घेण्याची सक्ती आहे काय? सोबत दिलेले रिप सॉफ्टवेअर परवान्याचे आहे की चोरीचे? चित्राखाली पांढरी शाई किती पडावी हे त्याच सॉफ्टवेअरवर ठरते. चोरीची प्रत ऐन हंगामात बंद पडली तर दाद मागायला जागा नसते. व्यवहार पक्क्या बिलावरच करावा. चार पैसे वाचवण्यासाठी बिल सोडणारा वॉरंटीचा पुरावाही सोडून देतो.

प्रात्यक्षिकाला जाताना आपले चित्र आणि आपले काळे टी-शर्ट सोबत न्यावेत. विक्रेत्याचे ठेवणीतले चित्र नेहमीच सुंदर छापले जाते. आपल्या चित्रातील बारीक अक्षरे आणि फिकट होत जाणाऱ्या छटा कशा येतात ते पाहावे. तो टी-शर्ट घरी आणून दिवसभर तसाच ठेवावा, मग उलटा करून दहा वेळा धुवावा आणि चित्र ताणून पाहावे. तडे गेले किंवा कडा सुटल्या तर पावडर, भट्टी किंवा दाब यांपैकी काहीतरी कच्चे आहे. वापरलेले मशीन घेत असाल तर नोझल चेक आपल्यासमोर छापून घ्यावा आणि ते किती दिवस बंद होते, हे आवर्जून विचारावे.

एवढे सारे तपासायला पंधरा-वीस दिवस जातील. जाऊ द्यावेत. "आजच बुकिंग केले तरच हा भाव" असे जो म्हणतो, त्याच्याकडून उद्या सेवाही मिळणार नाही असे खुशाल समजावे. आपल्याला लागणारे मशीन उद्याही बाजारात मिळेल. एकदा अडकलेले घरचे भांडवल मात्र सहजासहजी परत येत नाही.