जंगलातली शेगडी आणि हजरत उमर (रजि.) यांचं कुरण

उमेळ्याहून पूर्वेला, हायवेपलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर आहे. २००३ पासून ते अभयारण्य आहे, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि तानसा यांना जोडणारं. आपल्याकडची कुटुंबं तिथे सहलीला निघतात तेव्हा गाडीत बिर्याणीची देग, कोळसा आणि मसाला लावलेली कोंबडी असते. सहल म्हणजे खाणं, हे आपल्या समाजात वेगळं सांगायला नको. वनरक्षकाने हटकलं की आपलं ठरलेलं उत्तर असतं, ‘‘एवढ्याशा चुलीनं काय होतंय?’’

होतं. हिवाळा सरला की गवत वाळतं, सागाची पानं खाली पडतात आणि पाऊस येईपर्यंत एक निखारा पुरतो. कोळशाची राख वरून गार दिसते, आत धग राहते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानांनाही तो नियम लागू आहे. गॅसच्या शेगडीची ठिणगी उडत नाही हे खरं, पण एकाला सूट दिली की दुसरा कोळसा काढतो. सहलीला जाणाऱ्याने घरूनच शिजवून न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सूरह वाकियामध्ये आगीला प्रवाशांच्या उपयोगाची वस्तू म्हटलंय, त्याच आगीला शत्रू समजून झोपण्यापूर्वी विझवा, असंही प्रेषितांनी (स.) सांगितलंय.

पण बंदी सगळ्यांना सारखीच हवी का? सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. हजरत उमर (रजि.) यांनी राखीव कुरणावर हुनय्य नावाचा रखवालदार नेमला आणि बजावलं की मोजकी शेळ्या-उंटं असलेल्या गरिबाला आत येऊ दे, पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांचे कळप येऊ देऊ नकोस. त्यांची जनावरं मेली तरी त्यांच्याकडे शेती आणि खजुरीच्या बागा आहेत. गरिबाची मेली तर तो पोराबाळांना घेऊन दारात येईल. दोघेही मोठे सहाबी होते, हे विसरू नका!

आपल्या डोंगरात वारली, मल्हार कोळी, कातकरी पाडे आहेत. त्यांची चूल हौसेची नाही. उज्ज्वला योजनेचं कनेक्शन घरात असलं तरी सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात, काटक्यांना लागत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खुंटही धरलेत. म्हणून जिथे बाईच्या डोक्यावरची मोळी उतरवली जाते आणि गाडीच्या डिकीतली शेगडी कोणी बघत नाही, तिथे हुनय्यचं काम उलटं चाललंय.

वन विभागाने डिक्की तपासावी. आणि आपल्या मोहल्ल्यातून सहली काढणाऱ्या तरुणांनी पुढच्या वेळी देग घरीच उतरवावी. दम दिलेली बिर्याणी दुपारपर्यंत गरम राहते.