ठेक्याची यंत्रे आणि आपले कान

यंदाच्या स्नेहसंमेलनात स्वतः रचलेले रॅप म्हणून दाखविल्यापासून आमच्या काही सोबत्यांस स्टुडिओ उभारण्याचा ध्यास लागला आहे. त्यांनी केलेली खरेदीची यादी आमच्या पाहण्यात आली. तीत ड्रम मशीन, कीबोर्ड, दोन मोठे स्पीकर, महागडा मायक्रोफोन, सारे काही होते. एकाच्या वडिलांनी ती वाचून एवढेच विचारले, ‘यांतले काय नसले तर अडेल?’ कोणासही उत्तर सुचले नाही. आम्ही ते येथे देऊ पाहतो.

मुळात ही कला संपन्नतेतून जन्मास आलेली नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास डीजे कूल हर्क हा तरुण दोन यंत्रांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या ठेवी आणि गाणे थांबून नुसता ताल उरतो तेवढाच तुकडा आळीपाळीने वाजवीत राही. पुढे १९८० मध्ये जपानच्या रोलंड कंपनीने टीआर-८०८ हे तालयंत्र काढले. त्यातील ढोल खऱ्या ढोलासारखा वाजेना, म्हणून ते फारसे खपले नाही व १९८३ मध्ये बंद पडले. जुनी यंत्रे स्वस्तात विकली जाऊ लागली, ती या तरुणांनी उचलली. आणि तोच खोटा ढोल रॅपचा प्राण ठरला! १९८७ च्या एसपी-१२०० या यंत्रात अवघा दहा सेकंदांचा ध्वनी मावे. तेव्हा तबकडी जलद गतीने फिरवून ध्वनी भरावा व मागाहून यंत्रात त्याचा वेग उतरवावा, अशी युक्ती निघाली. त्यामुळे ध्वनीत जो खरखरीतपणा आला, तो आज लोक हौसेने शोधतात.

आज संगणक घरी असेल तर ड्रम मशीन विकत घेण्याचे कारण उरत नाही. एलएमएमएस हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यातही ८०८ प्रमाणेच १६ घरांची ओळ असते. (तबला शिकणाऱ्यांस तीनताल आठवेल, परंतु ही घरे म्हणजे १६ मात्रा नव्हेत, चार मात्रांचे प्रत्येकी चार भाग होत.)

आमच्या मते पहिला खर्च व्हावा तो चांगल्या हेडफोनवर. मोठे स्पीकर आमच्यासारख्यांच्या खोल्यांत व्यर्थ होत. सेकंदास ५० कंपने असणाऱ्या खर्ज ठोक्याची लहर सुमारे ७ मीटर लांब असते. दहा फुटी खोलीत ती कोपऱ्यात गडगडते आणि मधोमध जवळजवळ लोपते. ऐकणाऱ्याने कशावर विश्वास ठेवावा? शिवाय शेजारधर्म आहेच. हेडफोन मात्र तारेचा असावा. बिनतारी हेडफोनमध्ये ध्वनी किंचित उशिरा पोहोचतो आणि बोट व ठेका यांची फारकत होते.

मायक्रोफोन नंतर, तोही साधा डायनॅमिक, व त्यास संगणकाशी जोडणारा छोटा इंटरफेस. यादीतला कन्डेन्सर मायक्रोफोन उत्तम खरा. परंतु तो पंख्याची घरघर आणि भाजीवाल्याची आरोळीही तितक्याच निष्ठेने टिपतो.

परवा त्या सोबत्याने नवी यादी केली. तीत एक हेडफोन होता आणि खाली, प्रश्नचिन्ह घालून, मायक्रोफोन. वडिलांनी प्रश्नचिन्ह खोडले नाही. पण यादी घडी करून खिशात ठेवली.