मोटारीची झिलई

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं आज मोटार उभी असते; परंतु तिच्या तकाकीचा विचार फारसा कोणी करीत असेल असें वाटत नाहीं. आम्हींहि तो केला नव्हता. गेल्या वैशाखांत पुतणीचें लग्न ठरलें, आणि वधूस घरच्याच गाडींतून कार्यालयांत न्यावयाचें असा आमच्या वडील बंधूंनीं हट्ट धरला. गाडी काळी, नऊ वर्षांची. सावलींत ती बरी दिसे. पण उन्हांत आणली कीं सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्यानें जाळें विणावें तशा बारीक वर्तुळाकार रेघा दिसूं लागत.

वास्तविक त्या रेघा वर्तुळाकार नसतात. त्या वाटेल त्या दिशांनीं गेलेल्या असतात. पैकीं प्रकाशास आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून डोळ्यांस वर्तुळांचा भास होतो. त्यांचें मूळ बहुतेक ठिकाणीं रोज सकाळीं कोरड्या फडक्यानें धूळ पुसण्यांत असतें. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती फडक्याखालीं सांपडली कीं आपण मोठ्या निष्ठेनें गाडी ओरखडीत बसतों.

आजच्या गाडीवर रंगाच्या वर एक पारदर्शक लेप असतो. कारागीर त्यास क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी बहुधा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या सामान्य केसाहूनहि कमी. तकाकी त्याची, आणि खालच्या रंगाचें उन्हापासून रक्षण करणाराहि तोच. १९२३ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘ड्युको’ या जलद वाळणाऱ्या रंगाचें नांव आपल्याकडील रंगारी अजून घेतात. पण त्या जुन्या पद्धतीच्या रंगावर असा लेप नसे. आमच्या लहानपणीं गाडी घासली कीं फडकें रंगून निघे आणि काय झिजलें तें कळे. आतां जें झिजतें त्यास रंगच नाहीं.

आणि झिजविल्यावांचून रेघ जात नाहीं. तिच्या भोंवतालचा पृष्ठभाग तिच्या तळापर्यंत खालीं आणणें, एवढाच तिच्यावर उपाय. शाणावर झिजलेला मणि अधिक शोभतो असें भर्तृहरीनें नीतिशतकांत म्हटलें आहे; परंतु मणि आंतबाहेर मणिच असतो, मोटारीस ती सोय नाहीं.

आमच्या पुतण्यानें यंत्र आणलें. त्याची फोमची गादी स्वतःभोंवतीं फिरते आणि त्याच वेळीं लहान वर्तुळांत हेलकावतेहि; त्यामुळें उष्णता एका जागीं सांचत नाहीं. अधिक दाबल्यास फिरणें थांबून नुसतें कंपन उरतें. केवळ गरगर फिरणारें यंत्र काम झपाट्यानें उरकतें, पण नवशिक्याच्या हातीं तें रंग जाळावयासहि तितकेंच तत्पर असतें.

त्यानें गाडी धुतली, चिकणमातीसारख्या वडीनें वरची चिकटलेली घाण ओढून काढली, आणि कडांवर चिकटपट्टी लावली. कारण कडेवर लेप मुळांतच पातळ असतो. मग पहाटे, पत्रा थंड असतां, दीड-दोन फुटांचा एकेक चौकोन धरून अर्ध्या फेरीवर अर्धी फेरी अशी तो गादी संथपणें फिरवूं लागला. पॉलिशांतील कण बहुधा अल्युमिनाचे, म्हणजे आपल्या कुरुंदाच्याच जातीचे असतात. प्रथम त्यानें सर्वांत सौम्य पॉलिश एका कोपऱ्यावर लावून पाहिलें; सौम्यानें भागेना तेव्हांच तीव्र घेतलें. प्रत्येक चौकोन तो अल्कोहोलच्या पाण्यानें पुसून पाही, कारण पॉलिशांतील तेल रेघांत बसून खोटी तकाकी दाखवितें. दोन दिवसांत गाडींत आकाश दिसूं लागलें. वहिनींनीं तर बॉनेटमध्यें पाहून कुंकू नीट केलें!

तिसरे दिवशीं चिकटपट्टी काढली. बॉनेटच्या कडेस एक रेघ राहिलेली आम्हांस दिसली. पुतण्या म्हणाला, “काका, राहूं द्या ती.” पस्तीस वर्षें आम्हीं मुलांची अर्धवट उत्तरें खपवून घेतलीं नाहींत. आम्हीं यंत्र हातीं घेतलें, खरखरीत गादी लावली, कडेवर तिरपी धरली आणि जोर दिला. रेघ गेली. गादी उलटून पाहिली तों पिवळ्या फोमवर काळा डाग! काळें निघालें याचा अर्थ लेप संपून यंत्र रंगास भिडलें होतें. बोटभर जागा कोळशासारखी निस्तेज दिसूं लागली.

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्यानें यंत्राची वायर गुंडाळून ठेवली आणि आम्हांस चहा आणून दिला. तो बोलता तर बरें झालें असतें. लग्नाच्या दिवशीं त्या बाजूस झेंडूची माळ अंमळ लांब सोडण्यांत आली. ती कोणीं सोडली हें आम्हीं विचारलें नाहीं.

आतां गाडीवर कोरडें फडकें फिरत नाहीं. आठवड्यांतून एकदां दोन बादल्या घेऊन आम्ही स्वतः ती धुतों. एकींत शांपूचें पाणी, दुसरींत फडकें खळबळून घेण्यापुरतें स्वच्छ पाणी. कडेचा डाग तसाच आहे. रंगाऱ्यानें सबंध बॉनेटच पुन्हां रंगवावें लागेल असें सांगितलें. खर्च आम्ही देण्यास तयार होतों, पुतण्या नको म्हणाला.