घराच्या आवारातील हलवता येणाऱ्या छोट्या खोल्यांसाठी स्वतंत्र नियम करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रधान सचिव,
नगर विकास विभाग,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

घरामागच्या मोकळ्या जागेत पोर्टा केबिन, पफ पॅनेलची खोली किंवा जुना कंटेनर ठेवून तिथे कामाची, अभ्यासाची वा सामानाची सोय करण्याकडे अनेक कुटुंबांचा कल आहे. क्रेनने उतरवलेली आणि तशीच उचलून नेता येणारी ही खोली कायद्याच्या दृष्टीने काय आहे, हे मात्र नागरिकाला आधी कळत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधील ‘विकासा’ची व्याख्या अतिशय व्यापक आहे. विनापरवाना विकासाला कलम 52 मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैद आहे. बेकायदा मजला चढवणारा आणि परसात केबिन ठेवणारा असा फरक तिथे नाही. कलम 55 तात्पुरत्या स्वरूपाचा अनधिकृत विकास तडकाफडकी हटवण्याचा अधिकार देते आणि तात्पुरते कशाला म्हणावे, याबाबत नियोजन प्राधिकरणाचाच निर्णय अंतिम ठरवते. त्यामुळे एकाच मापाची केबिन एका शहरात तात्पुरती आणि शेजारच्या शहरात पक्के बांधकाम ठरू शकते. ही अनिश्चितता प्रामाणिक माणसाला सर्वांत जास्त जाचते, कारण विचारायला जाणारा तोच असतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, खोली हलते की नाही हा प्रश्नच बाजूला ठेवावा आणि तिचे माप, जागा व वापर यांवर नियम बेतावा. इंग्लंडमध्ये 2015 च्या आदेशाने हेच केले आहे. घराच्या दर्शनी बाजूपुढे न येणारी, एकमजली, हद्दीपासून दोन मीटरच्या आत असल्यास अडीच मीटरपेक्षा उंच नसलेली आणि घराच्या पूरक वापराची खोली तिथे सर्वसाधारणपणे वेगळ्या नियोजन परवानगीशिवाय उभारता येते. मात्र अशा सर्व बांधकामांनी मूळ घराभोवतीची निम्म्याहून अधिक जागा व्यापता कामा नये. ही मापे आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाहीत. आपले भूखंड लहान आहेत, सामासिक अंतरे आधीच तुटपुंजी आहेत. पण निकषांची रीत घेण्यासारखी आहे, आणि तिचे बीज आपल्याच 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहे. कमी जोखमीच्या वर्गात 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर आराखडे आणि शुल्काची पावती सादर केली की तीच परवानगी मानली जाते. अख्ख्या घराबाबत शासन नागरिकावर एवढा विश्वास टाकते, तर एका खोलीबाबत का टाकू नये?

सवलत दिली की अंगणाअंगणांत भाड्याच्या खोल्या उभ्या राहतील, हा आक्षेप खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. त्यावर उपाय वापराच्या अटींत आहे : स्वयंपाकघर नाही, स्वतंत्र वीजमीटर नाही, भाडेकरार नाही. या तिन्ही गोष्टी जागेवर तपासता येतात. ‘तात्पुरतेपणा’ तसा तपासता येत नाही. आगीचा आक्षेप त्याहून गंभीर आहे. पफ पॅनेलमधील फोम पेटला की विषारी धूर होतो, म्हणून हद्दीलगत रॉकवूलसारखे न जळणारे भरण सक्तीचे असावे आणि अग्निशमनाची वाट अडवणाऱ्या बाजूच्या अंतरात कोणतीच खोली चालू नये. वाऱ्याचेही तसेच. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत उडवलेले पत्रे पाहता, कोकणात जमिनीशी घट्ट नांगरण्याची अट हवीच. आणि इथेच आजचा विरोधाभास उघड होतो : सुरक्षेसाठी खोली पक्की नांगरावी, तर तीच तिच्या ‘कायमपणा’चा पुरावा म्हणून मालकावर उलटू शकते.

तेव्हा आमची मागणी अशी आहे की, 200 चौरस मीटरहून मोठ्या निवासी भूखंडावर मागील बाजूस 15 चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे बाजारातील वीस फूट बाय आठ फूट केबिनएवढी, एक खोली वरील अटींवर केवळ ऑनलाइन सूचना देऊन ठेवण्याची मुभा नियमावलीत असावी. पूररेषेतील जमिनी आणि वारसास्थळांचा परिसर यातून वगळावा. चटई क्षेत्रात तिची गणना करायची की नाही, हेही एकदाच स्पष्ट लिहावे. यासाठी अधिनियमाच्या कलम 37 (1कक) खाली फेरबदलाची सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात, आणि तो निर्णय होईपर्यंत या मापात बसणाऱ्या, कोणाच्या वाटेत वा उजेडात न येणाऱ्या खोल्यांवर कलम 52 खाली फौजदारी कारवाई करू नये, असे निर्देश सर्व नियोजन प्राधिकरणांना द्यावेत, ही विनंती.

आपले विश्वासू,
स्वतःच्या भूखंडावर राहणारे नागरिक